आईच्या कबरीवर गवत

"अहो! ओ पाहुणे! थांबवा ते हात!"

ओळख ना पाळख, आणि मी परसातूनच अशी ओरडले. काय करणार? बटाटे लावायला वाफे उकरत होते, सहज टेकडीकडे नजर गेली, तर आमच्या कबरस्तानात एक उंचापुरा माणूस मूठ मूठ गवताचं बी पेरतोय. तेही कबरीवर! मी तशीच चिखलाच्या हातांनी वर धावले.

"काय झालं?" त्यानं दचकून विचारलं.

"काय झालं म्हणे! आमच्या डोंगरात कबरीवर गवत वाढलं की लोक म्हणतात, या माणसाच्या मागे रडणारं कुणी उरलं नाही. आम्ही ती खुरपून, माती ओढून, लख्ख ठेवतो. आणि ही तर अल्मेडाकाकूंची, या हिवाळ्यातलीच—"

"माझी आई," तो म्हणाला.

मी चिखलाचे हात पाठीमागे लपवले.

तो व्हर्लिन. लहानपणीच आईबापांबरोबर डोंगर सोडून दूर ओहायो राज्यात गेलेला. बाप गेल्यावर अल्मेडाकाकू आपल्या डोंगरावर परतल्या, हा तिकडेच टायरच्या कारखान्यात राहिला. त्या गेल्या तेव्हा बर्फानं घाट बंद होता, त्याला आईच्या मातीलाही येता आलं नाही.

"उघडी माती बघवेना," तो हळूच म्हणाला. "वाटलं… तिच्या अंगावर कुणी पांघरूणसुद्धा घातलं नाही."

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू! पण तोंडानं मी म्हटलं, "उद्या खुरपं घेऊन या."

पण त्याच रात्री पाऊस लागला, आणि आठवडाभरात बी असं तरारून आलं की बघत राहावं. मे महिन्यातल्या सजावटीच्या रविवारी सगळी घराणी आपापल्या कबरींवर फुलं वाहायला येतात, तोवर तो आईच्या घरातच राहणार होता. रोज सकाळी धारा काढून मी वर जायची, तर स्वारी आधीच गुडघे टेकून बसलेली.

"मुळासकट उपटा! का तेही ओहायोत यंत्रच करतं?"

"शिकव की. न ओरडता शिकवता येत असेल तर…"

"अहो-जाहो कुठे गेलं?"

"गवताबरोबर उपटलं गेलं बहुतेक."

मला हसू आलं. कबरस्तानात हसू नये म्हणून मी तोंड फिरवलं, आणि तो माझ्या मानेवरची माती बघत राहिला.

मग तो खालीही यायला लागला. कोंबड्यांचं खुराडं नीट केलं, कुंपण बांधलं. घरात मी नि माझी म्हातारी डोव्ही आत्या, दोघीच. तिनं त्याला रानलसूण नि बटाटे परतून वाढले. मी नको म्हटलं, तशी आत्या डोळे मिचकावत म्हणाली, "खा गं ओर्लीना. दोघांनी खाल्ला की एकमेकांना वास येत नाही." माझे कान तापले. आणि मी दोनदा मागून घेतला.

सफरचंदाचा फुलोरा झडायला लागला, तेव्हा त्यानं झाडाखाली माझा हात धरला. "ओहायोला चल माझ्याबरोबर."

"आत्याला कोण बघणार? आणि वरच्या सगळ्यांना?"

"मेलेल्यांसाठी तू—"

"हो. त्यांच्यात तुझीही आई आहे."

त्यानं हात सोडला. तो सोमवारी जाणार होता. आणि मी? मला तो हवा होता, जीव तुटेल इतका हवा होता. पण हा डोंगर मला सोडवत नव्हता.

रविवारी सगळी घराणी आली. कागदी फुलं वाहिली, भजनं झाली, झाडाखालच्या फळ्यांवर जेवणं मांडली. मग दरवर्षीसारखी आत्या काठी घेऊन निघाली. कोण कुठे निजणार, हे जिवंतपणीच सांगून ठेवायची आमची रीत.

"इथे मी. इथे ओर्लीना. आणि तिच्या शेजारी तिचा नवरा… मिळाला तर!"

सगळे हसले. मी खाली बघत उभी.

व्हर्लिननं डोक्यावरची टोपी काढली. "आत्या, ती जागा कुणाला देऊन टाकलीय का?"

आत्यानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "ती डोंगरावर राहणाऱ्याची आहे रे बाबा. पाहुण्याची नाही."

"उद्या जातोय तो कारखाना सोडायला नि सामान आणायला. गुरुवारी परत येईन." मग तो माझ्याकडे वळला. "तिथे निजायची घाई नाही मला. आधी खूप वर्षं मातीच्या वर राहायचंय… तुझ्याबरोबर. राहशील?"

चारचौघांत मला रडू फुटलं. शोभलं नाही ते, पण फुटलं.

"जागा आखूड आहे," मी नाक पुसत म्हटलं. "पाय बाहेर येतील तुझे."

"दुमडून घेईन."

"मग ये," मी म्हटलं.