न दिलेली साथ

दिल्लीतल्या सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यात प्रमिलाताई तिरोडकर मटार सोलत बसल्या होत्या. गच्चीवरचा व्योमकर्ण सुरू होता. आकाशातल्या रेडिओलहरींचा आवाज करून ऐकवणारी ही छोटी छत्री आता घरोघरी आली होती. सूर्याची कुजबुज, गुरूची खरखर ऐकत लोक स्वयंपाक उरकायचे.

ताई नुकत्याच विज्ञानमंत्री झाल्या होत्या. समोर अंतराळ-श्रवण विभागाचे प्रमुख, डॉ. हेरंब साठये.

"डॉक्टर, प्रत्येक व्योमकर्णात एक वाहिनी कारखान्यातूनच बंद का असते?"

"तांत्रिक कारण आहे, मॅडम."

"आधीच्या मंत्र्यांनाही हेच सांगितलंत?"

"त्यांनी विचारलंच नाही." साठये कसनुसं हसले. "मंत्री येतात, जातात. विभाग राहतो."

"मी मालवणची आहे हो. उत्तर मिळेपर्यंत उठू देणार नाही. तोवर मटार सोला."

दोन-चार शेंगा सोलून झाल्यावर साठयेंनी खिशातल्या यंत्रावर त्या वाहिनीचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं.

एक सुरेल ओळ आली. मग शांतता. पुन्हा तीच ओळ, किंचित खालच्या सुरात.

"चंद्रापलीकडे एक यान येऊन थांबलं होतं. आपलं नव्हे, पृथ्वीवरच्या कुणाचंच नव्हे. दर वर्षी त्याचा सूर उतरत गेला. त्याची शक्ती संपत आलीय, असं आम्ही धरलं. मरू घातलेल्या यंत्रापायी लोकांत घबराट कशाला?"

ताईंचे हात थांबले.

"अहो, माझे वडील कीर्तनकार. मागे झांज घेऊन मी उभी. आम्ही साथीदार गप्प राहिलो, की ते ध्रुवपद पुन्हा घ्यायचे, पट्टी उतरवून. त्यांना वाटायचं, पोरांना सूर झेपत नाहीये. इथंही गप्प आपण होतो डॉक्टर, आणि कमीपणा ते यान घेत होतं. कुठंय आता?"

"गेलं, मॅडम. तुम्ही शपथ घेतलीत, त्याच आठवड्यात."

"तेव्हा तरी सांगायचंत!"

"यानाला उत्तर देता येत नव्हतं, असं नाही." साठये हातातल्या शेंगेकडे बघत राहिले. "त्यासाठी कुणा मंत्र्याची परवानगी मागायची नव्हती, इतकंच."

ताईंनी पदराला हात पुसले. "ती वाहिनी आजच उघडा. ऐकू दे सगळ्यांना. आणि प्रक्षेपक जोडा."

साठयेंनी यंत्रावरून विभागाचा प्रक्षेपक जोडताच डोळे मिटून ताईंनी ती ओळ म्हटली. सूर हलला, म्हणून पुन्हा म्हटली.

"पोचेल?"

"लहर त्याला गाठेल. पण ते अजून ऐकत असेल का..."

"मंडपातून उठून गेलेल्या बुवांना मागून साथ ऐकू आली, तर ते वळतात का हो, डॉक्टर?"