बुडालेल्या गावातला झोपाळा

दिवे गेले, पंखा घरघरत थांबला, तेव्हा कुमुदिनी दुकानाच्या उंबरठ्यावरच होती. उल्हासनगरच्या त्या बोळात मे महिन्याच्या भर दुपारीही उजेड बेताचाच. आत तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख झाला.

"डाव्या हाताला स्टूल आहे, बसा," आतून कोणीतरी म्हणालं. "उजवीकडे पाय टाकू नका. वायरी आहेत."

ती बसली नाही. आत्याच्या ऑफिसातल्या प्रिंटरसाठी रिबन घ्यायला आलेली ती... पण तो आवाज ऐकून तिला रिबनचा विसर पडला.

"वायरी अजून तशाच पसरून ठेवतोस?"

आत काहीतरी खाली पडलं.

"कुमुद?"

"नाही, तिचं भूत!"

ती हसली. तो मात्र हसला नाही. काडी पेटल्याचा आवाज आला, मेणबत्तीच्या उजेडात रघुचा चेहरा दिसला. थोडा भरलेला, कपाळावरचे केस मागे सरकलेले, पण डोळे तेच, माणसाकडे बघता बघता मध्येच खाली वळणारे.

"भुताच्या गोष्टी दुपारी करू नयेत," तो म्हणाला, "आई रागावते."

एकोणनव्वद साली दोघं याच गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासला होते. ती अंबरनाथच्या ऑर्डनन्स कॉलनीतली, दिनानाथसाहेबांची मुलगी. तो बदलापूरच्या पलीकडे धरणग्रस्तांना दिलेल्या वसाहतीतला, अंजनीबाईंचा एकुलता एक. एका मशीनवर दोघं बसायचे. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांचा जिऱ्यामिऱ्याचा वास खिडकीतून यायचा, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची, आणि बाकीची मुलं पगारपत्रकाचे प्रोग्रॅम लिहीत असताना रघुनं एक खेळ लिहिला होता. 'पाण्याखालचं गाव.' त्यात चित्रं नव्हती. इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्यं यायची, आणि प्रत्येक वाक्याखाली दोन वाटा. एक दाबा किंवा दोन दाबा.

गाव त्याचंच होतं. धरणात गेलं तेव्हा तो आईच्या कडेवर होता. त्यानं ते कधी पाहिलंच नव्हतं. आईनं सांगितलं तेवढं लिहिलं होतं.

खेळात पायऱ्या उतरत उतरत कुमुद दर वेळी शेवटच्या घरापर्यंत जायची. तिथं कोणीतरी पाठमोरं बसलेलं असायचं. हाक मारायची असेल तर एक, परत फिरायचं असेल तर दोन. आणि दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा, ती दोन दाबायची.

"एकदा तरी एक दाब ना गं," रघु म्हणायचा.

"काय येतं पुढे?"

"ते आधीच सांगितलं तर खेळ कसला?"

मग बाबांची जबलपूरला बदली झाली. क्लासच्या शेवटच्या दिवशीसुद्धा तिनं दोनच दाबलं. रघुनं मशीन बंद केलं, "बरंय," म्हणाला. तो स्टेशनवर आला नाही. तिनंही निरोप पाठवला नाही.

आता अठ्ठ्याण्णव साल होतं. जबलपूरच्याच एका इंजिनिअरचं स्थळ सांगून आलं होतं. माणसं चांगली, मुलगा चांगला. नाही म्हणायला कारण नव्हतं, आणि हो म्हणताना जीभ अडत होती. "जा, आत्याकडे राहून ये, विचार कर, आणि काय ते कळव," असं म्हणून बाबांनीच तिला पाठवलं होतं. रविवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

दिवे आले. काय बोलावं ते दोघांनाही सुचेना, म्हणून तिनं विचारलं, "तो खेळ आहे अजून?"

रघुचे कान लाल झाले. मग मागच्या फळीवरून त्यानं कापडात गुंडाळलेलं जुनं मशीन काढलं.

"क्लास बंद झाला तेव्हा भंगारात चाललं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, राहू दे."

"कशाला?"

"उंदरांना घर नको?"

हिरवी अक्षरं पडद्यावर एकेक करून उगवली. 'तू पाण्याच्या काठाशी उभी आहेस. पाण्याखाली दिवे दिसतात. खाली उतरायचं असेल तर १. घरी जायचं असेल तर २.' कुमुदच्या बोटांना सगळं पाठ होतं. पहिलं घर, चूल पेटलेली, माणूस नाही. पुढचं घर; कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतं, हात तेवढा दिसतो. बाहेर रिक्षावाला आणि दुकानदार हिंदीत भांडत होते, पण ते आवाज जाड भिंतीपलीकडून यावेत तसे येत होते. शेजारी रघुचा श्वास ऐकू येत होता. तिच्या मनगटाला त्याची बाही लागली, तिनं हात काढला नाही.

शेवटचं घर आलं. 'ओटीवर कोणीतरी पाठमोरं बसलं आहे.'

"आणि झोपाळा?" ती म्हणाली.

"कुठला झोपाळा?"

"असं काय करतोस... ती बाई झोपाळ्यावर बसलेली असते ना! एका बाजूची कडी तुटलेली, तिथं काथ्याची दोरी बांधलेली. हाताला काचू नये म्हणून दोरीला लाल चिंधी. झोपाळा हळूहळू हलत असतो..."

रघु तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं खेळ थांबवला आणि सगळा प्रोग्रॅम पडद्यावर काढला. ओळीमागून ओळ वर सरकत गेली. घर, चूल, तांब्या, ओटी. झोपाळा कुठेच नव्हता. बाईसुद्धा नव्हती, नुसतं 'कोणीतरी' होतं.

"मी लिहिलाच नाही," तो पुटपुटला. "आमच्या घरी झोपाळा होता की नव्हता, मला माहीतही नाही."

"मग मी कुठे पाहिला?"

तिला एकाएकी थंडी वाजली. त्या उकाड्यात! पाहिला तर होताच. जबलपूरला, कितीतरी वेळा पहाटे, अर्धवट झोपेत ती त्या पायऱ्या उतरली होती. खेळ आठवतोय, असं समजून तिनं तिकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

तिनं खेळ पुन्हा सुरू करायला हात पुढे केला. रघुनं तो अलगद धरला.

"आज नको," तो म्हणाला. "आधी आईला विचारू."

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो अंबरनाथला आत्याच्या घरी स्कूटर घेऊन आला. कारखान्यांचा उग्र वास मागे पडला, बदलापूरचं फाटक पार झालं, आणि दोन्ही बाजूंना करपलेली माळरानं लागली. अंजनीबाई वसाहतीतल्या घरापुढे तांदूळ निवडत बसल्या होत्या. "बस गो पोरी," म्हणाल्या, गुळाचा खडा आणि पाणी पुढे केलं.

रघुनं चाचरत सगळं सांगितलं. झोपाळ्याचं नाव निघालं तशी त्यांची बोटं सुपात थांबली.

"चिंधी कसल्या रंगाची?"

"लाल," कुमुद म्हणाली. "काठाला पिवळी रेघ."

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं.

"माझे लग्नाचे लुगड्याची व्हती ती. कडी तुटली, ह्याच्या बापानं दोरी बांधली, मी चिंधी गुंडालली. गाव सोडला, दुसरे पावसाल्यान तो गेला. मंग त्या झोपाल्याचं नाव मी कोनापाशी काढला नाय. ह्याच्यापाशी पन नाय." त्या कुमुदकडे रोखून बघू लागल्या. "डोला लागला का मी अजून बसते तिथं जाऊन. आन् एक परकी पोर यायची. दारान उभी रायची. मला वाटे, आता हाक मारंल, मंग मारंल... आन् ती फिरून जायची."



"तू ती. मंगाशी दारान पाय ठेवलास तवाच... नाय, तवा नाय. आता वलखली." अंजनीबाईंच्या आवाजात राग नव्हता. नुसतं कुतूहल होतं. "हाक का नाय मारलीस गो?"

"भीती वाटायची, मावशी."

"कोनाची? माझी?"

रघु उठून अंगणाच्या टोकाशी जाऊन उभा राहिला होता.

"धरणाचं पाणी उतरलंय," तो तिकडूनच म्हणाला. "जोती उघडी पडलीत म्हणतात. मी कधी गेलो नाही. येतेस?"

अंजनीबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. "जाता तर जा. पन तिन्हीसांजेला त्या पान्यावर कोनी हाक मारली तर पयले हाकेला ओ देऊ नको रघ्या. दुसरीला पन नको. जिता मानूस असंल तर तो तिसरी मारंल. बाकीच्यांना तेवढा दम नसतो."

ते पोचले तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. वारा पडलेला. भेगाळलेल्या गाळातून घरांची जोती वर आली होती, आणि त्यांच्यापलीकडे शिशासारखं पाणी. एक पाखरू नाही की गुराची घंटा नाही. कुमुद काठावरच थांबली. रघु एकेका जोत्याजवळ वाकत, हातानं दगड चाचपत पुढे गेला. अगदी पाण्याला टेकलेल्या जोत्यावर तो चढला आणि बसला. पाठमोरा. मग हललाच नाही.

अंधारू लागलं. पलीकडच्या काठावर एक घर नव्हतं, विजेचा खांब नव्हता. तरी पाण्यात आत, खोल, पिवळट असं काहीतरी मिणमिणू लागलं. एक... आणि शेजारी आणखी एक. कुमुदनं मागे स्कूटरकडे पाहिलं. मागे वळावं, स्कूटरपाशी जाऊन उभं राहावं, तो येईलच की आपला आपण! किती सोपं होतं. नेहमीसारखंच.

"रघु!"

तो हलला नाही. तिचाच आवाज पाण्यावरून परत आला, थोडा उशिरा, थोडा वेगळा.

"रघु..."

पाण्याजवळचा तो आकार तसाच. आता तिला खात्री वाटेना की तो रघुच आहे. ती काठावरून खाली उतरली. गाळाचा पापुद्रा पावलाखाली करकरला, गार चिखल बोटांत आला. ती चालत राहिली, जोत्याशी पोचली, आणि अगदी हळू, त्या पाठीला म्हणाली,

"रघु. मी आहे."

"ओ," तो म्हणाला.

ती मटकन त्याच्या शेजारी बसली. रडू येत होतं आणि हसूही.

"पहिली ऐकू आली नाही का?"

"आली ना."

"मग?"

"आईनं सांगितलंय. खात्री करून घेत होतो..." तो वळला. त्याचे डोळे ओले होते आणि या वेळी ते खाली वळले नाहीत. "तू जाशील असं वाटलं. दुसऱ्या हाकेनंतर तर नक्की."

"एक दाबलं असतं तर काय आलं असतं रे?"

"काहीच नाही. पुढचं लिहिलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे... तू एक दाबलंस की मशीन अडकणार होतं. आणि मी तोंडानं सांगणार होतो. रोज पाठ करून यायचो."

"मग सांग आता."

तो पुन्हा पाण्याकडे बघू लागला. "विसरलो सगळं. एवढंच राहिलंय की... मला तुझ्याशिवाय नीट जमत नाही. काहीच."

"पुरे तेवढं," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर हात ठेवला. चिखलानं भरलेले, गार हात. थोड्या वेळानं तिनं पाण्याकडे पाहिलं. ते दिवे गेले होते की अंधारच दाट झाला होता, कोण जाणे. विचारायची हिंमत तिला झाली नाही, आणि त्यानंही त्यांचा उल्लेख केला नाही.

"बदलापूरला एसटीडी बूथ उघडा असेल?" तिनं विचारलं.

"असेल. का?"

"बाबांना उत्तर द्यायचंय."

बूथ फाटकाजवळ होता. काचेच्या खोक्यात दोघं कसेबसे मावले, चपलांचा चिखल फरशीवर उमटला, आणि बूथवाल्यानं कपाळाला आठ्या घातल्या. कुमुदनं सगळं एका दमात सांगून टाकलं. इंजिनिअरला नाही म्हणून, रघुला हो म्हणून, धरणग्रस्तांच्या वसाहतीत राहणार म्हणून. झोपाळ्याचं तेवढं सांगितलं नाही.

मीटरचे लाल आकडे पुढे सरकत राहिले.

"तो आहे का तिथं?" शेवटी पलीकडून दिनानाथांनी विचारलं.

"आहे, बाबा. शेजारीच आहे."

"मग त्याला दे फोन."

रघुनं दोन्ही हात पँटला पुसले आणि रिसीव्हर घेतला.