फुली आणि वेलांटी

मी तुळईत सुया खुपसल्या आणि पलीकडून कुणीतरी कळवळून ओरडलं, “आई गं!”

यंत्र माझ्या हातून पडता पडता वाचलं. रचून ठेवलेल्या तुळयांच्या मागून एक डोकं वर आलं. केसांत भुसा, कानावर पेन्सिल आणि चेहरा कमालीचा गंभीर.

“लागलं का तुम्हाला?” मी विचारलं.

“मला नाही, तिला.” त्यानं तुळईच्या पाठीवर हात ठेवला. “शंभर वर्षं शाळेचं छप्पर डोक्यावर घेऊन उभी होती बिचारी. निवृत्त झाल्यावरही टोचायचं म्हणजे…”

“ओलावा मोजतेय.”

“मग? आहे का?”

“बारा टक्के. लाकडाला एवढा पुरे. माणसाला—” मी थांबले. पुढचं वाक्य माझ्या ताईचं होतं. तुझ्या बोलण्यात ओलावा म्हणून नाही, असं ती मला दर रविवारी फोनवर ऐकवते. एका अनोळखी मिस्त्रीला ते सांगायचं काही कारण नव्हतं.

माझं काम लाकूड तपासायचं. किती कोरडं, किती पोखरलेलं, किती भार पेलेल ते बघायचं, लिहायचं आणि खाली सही करायची. आजवर सही साहेबांची असायची. या कामावर पहिल्यांदाच ती माझी असणार होती, त्यामुळे मी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. तो मात्र हसला. दात छान होते. ही फक्त नोंद.

गोष्ट अशी होती की गावाला नवं वाचनालय बांधायचं होतं. जुनी शाळा पाडली तेव्हा तिच्या चोवीस फुटी तुळया या वखारीत येऊन पडल्या होत्या. मी समितीपुढे हट्टच धरला, की छप्पर याच तुळयांचं करू. अध्यक्षांना ते पटेना. त्यांच्या खिशात टेकडीवरची झाडं तोडायची परवानगी तयार होती. नव्या लाकडाशी माझं वैर नाही. पण वाढ पुरी झालेलं झाडच इमारतीत टिकतं, आणि टेकडीवरची झाडं जेमतेम वीस वर्षांची होती. म्हणजे अजून कॉलेजातच. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “बारा तुळया लागतात. बारा चांगल्या निघाल्या तर तुमचं खरं. अकरा निघाल्या तर दुसऱ्या दिवशी टेकडीवर माणसं.”

आणि त्या बारा तुळया घडवायचं काम या भुसावाल्याकडे होतं. वखार त्याच्या आत्याची. आत्या दिवसभर फाटकाशी स्टुलावर बसून असायची, चष्मा दोरीनं गळ्यात आणि जीभ कायम धारेवर. अध्यक्षांचं नाव निघालं की म्हणायची, “काखेत कळसा नि गावाला वळसा! आणि वळसा घालणाऱ्याला म्हणे खुर्ची.”

पुढचे दोन आठवडे मी रोज वखारीत जात होते. तीस तुळया होत्या. खरं तर तीस तुळयांना सहा दिवस पुरतात.

चौथ्या दिवशी तो दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या तुळईला रंधा मारत होता. एक बाजू गुळगुळीत झाल्यावर त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्यावर एक छोटीशी गोल शेपटी काढली.

“ही वेलांटी कसली?” मी विचारलं.

“वेलांटी?” त्यानं निरखून बघितलं. “हो की! आम्ही नुसती ‘खूण’ म्हणतो. ही दर्शनी बाजू. एकदा ही ठरली की सगळी मापं इथूनच घ्यायची. मध्येच बाजू बदलली की काम वाकडं जातं.”

“पहिली वेलांटी की दुसरी?”

“पहिली.”

“दुसरी कधी काढता?”

“दुसरी कशाला, मॅडम? दर्शनी बाजू एकच असते.”

मग त्यानं माझ्या हातातल्या यंत्राकडे बोट दाखवलं. “माणसाचा दाखवतं का हे?”

“दाखवत नाही. लाकडाचं आहे.”

पण त्यानं तळहात पुढे केलाच. मी सुया अगदी हळू टेकवल्या. आकडा थेट टोकाला गेला.

“अरे बाप रे. म्हणजे मी बांधकामाला नालायक!”

“पार कुजलेले,” मी म्हणाले, आणि त्याचा हात सोडायला मला तीन सेकंद जास्त लागले. मी मोजले.

आत्यानं फाटकावरून ओरडून विचारलं, “झाली का तपासणी? का आतून पोकळ निघाला?”

बाराव्या दिवशी दुपारीच आभाळ दाटलं. माझं काम नेमकं त्याच दिवशी संपत होतं. तीसपैकी सतरा तुळया बाद झाल्या होत्या, एकीची शंका होती, आणि बारा पास. बारा म्हणजे बारा, तेरावी नाही. मी लाल खडूनं पास झालेल्या प्रत्येक तुळईवर, जिथं सुया टोचल्या होत्या तिथं, फुली मारत होते. शेवटची फुली मारली आणि सर आली.

“ताडपत्री!” तो ओरडला. आम्ही दोघं दोन टोकं धरून धावलो. वारा ती उपटून नेत होता. शेवटी तो एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं खाली शिरलो, आणि तुळयांना टेकून बसलो. वर थेंबांचा ताशा, खाली सागाचा वास, आणि त्याच्या भुवईवर अडकलेला एक थेंब. तो पडेल पडेल असं वाटत होतं आणि पडत नव्हता.

“तुमचं काम संपलं म्हणायचं,” तो म्हणाला.

“हो… म्हणजे यादी द्यायचीय.”

“द्या की सावकाश. उद्या… परवा… मला घाई नाही.”

थेंब पडला. मला तो आवडत होता. मिस्त्री, थेंब नव्हे. हे मला तिथं, त्या ताडपत्रीखाली, अगदी स्वच्छ कळलं आणि माझी घाबरगुंडी उडाली. सर ओसरल्याबरोबर मी उठले, “खुणा केल्यात, सकाळी सुरू करा,” एवढं बोलले आणि निघाले. यादी माझ्या पिशवीतच राहिली. नऊ वर्षांच्या नोकरीत यादी द्यायला मी कधी विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फाटकातच आत्या उभी होती. स्टुलावर नव्हती, उभी होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तो करवत मांडीवर ठेवून बसला होता. समोर तुळई होती, एका टोकापासून आठ फुटांवर, बरोबर माझ्या फुलीवर कापलेली. एक घाव, दोन तुकडे.

“हे काय केलंत?” मी ओरडले.

“फुली होती.”

“फुली म्हणजे पास! तपासलं, ठेवायचं!”

“आमच्याकडे फुली म्हणजे टाकाऊ. इथं कापा. सुतारकामात सगळीकडे तसंच, मॅडम. शिकायला बसलो त्या दिवसापासून.”

“आणि एवढं चांगलं लाकूड टाकाऊ कसं असेल, एवढंही वाटलं नाही?”

“वाटलं ना.” तो हळू बोलत होता. “तासभर नुसता बघत बसलो होतो. मग म्हटलं, माझ्या डोळ्यांना वरचं दिसतं, त्यांना आतलं. त्यांनी सांगितलंय म्हणजे असेल काहीतरी. कापलं, तर आत नुसतं सोनं. तेव्हा थांबलो.”

प्रेमकथेत या ठिकाणी नायिका रडते. मी टेप काढून दोन्ही तुकडे मोजले. सोळा फूट आणि आठ फूट. छपराला अठरा लागत होते. मग मी त्याला बरंच काही बोलले. त्यातलं निम्मं मला स्वतःला बोलायचं होतं, पण समोर तो होता. तो एका शब्दानं उलटून बोलला नाही, त्यामुळे मला आणखी राग आला.

“संपलं तुमचं?” आत्या मधे पडली. “चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय. खूण हिनं केली, कापलं यानं, आणि मरणार कोण, तर टेकडीवरची झाडं. भांडण पुरे. ते तुकडे बोलतायत का बघा काही.”

मी दोन्ही तुकड्यांकडे बघितलं. त्यानंही. आणि आम्ही एकदमच म्हणालो, “सांधा—”

“तिरका,” तो म्हणाला. “लांब. दोन्ही टोकं उताराची कापायची आणि एकावर एक बसवायची.”

“उतार किती लांब?”

“पाच फूट तरी. आखूड केला तर उघडेल.”

“सोळा आणि आठ चोवीस, वजा पाच… एकोणीस.” मी हिशेब जमिनीवरच्या भुशात केला. “जोड मधोमध येता कामा नये. मधे सगळ्यात जास्त ताण.”

“येत नाही. तुमची फुलीच बाजूला होती.”

“डिंक, आणि लाकडी खुंट्या. लोखंड नको.”

“मी सुचवणारच होतो.”

“पण मिस्त्री… तपासायची मीच आहे. आणि मी सूट देणार नाही.”

“दिलीत तर मी बसवणार नाही,” तो म्हणाला.

पुढचे पाच दिवस तो पटाशीनं तो उतार घासत होता. आम्ही कामापुरतं बोलत होतो. फळी द्या. दिवा इकडे धरा. दोन उतार एकमेकांवर ठेवायचे, कुठं फट दिसते ते बघायचं, उचलायचे, पुन्हा घासायचे. मी केलेल्या एका फुलीपायी एवढं काम निघालं होतं आणि तो ते शीळ घालत करत होता. मी हिशेबाची वही घेऊन शेजारी बसत होते आणि हिशेब फारसा करत नव्हते. पाचव्या दिवशी सांध्यात कागदही शिरेना. मग डिंक भरला, खुंट्या ठोकल्या आणि तो सुकेपर्यंत आठवडाभर कुणी तुळईला हात लावला नाही.

शुक्रवारी समिती वखारीत आली. साहेबही आले. अध्यक्षांना जोड लांबूनच दिसला.

“हे काय? तुळई तोडली कुणी?”

“चूक माझी,” मी म्हणाले.

“चूक माझी,” तो म्हणाला. अगदी त्याच क्षणी.

अध्यक्षांनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. “एका तुळईला दोन-दोन चुका?”

“दोघांत वाटून घेतलीय,” आत्या म्हणाली. “सवय लागायला हवी ना आतापासून.”

माझे कान तापले. साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

तुळई दोन खांबांवर आडवी ठेवली होती. खाली मी मापाचं यंत्र लावलं. वर वाळूची पोती चढू लागली. पंधरा मिलिमीटरपर्यंत वाकलेली चालणार होती. सोळावा आला की माझी सही नाही, आणि दुसऱ्या दिवशी टेकडीवर माणसं. मी ओरडून आकडे सांगत होते. चार. सहा. सात. तो समोरच्या खांबाशी उभा होता आणि त्याची नजर तुळईवर नव्हती, माझ्यावर होती. नऊ. शेवटचं पोतं चढलं. तुळई करकरली.

“दहा,” मी म्हणाले. “अकरा… अकरा.”

तासभर आम्ही थांबलो. अकराच. पोती उतरवल्यावर तुळई पुन्हा सरळ झाली. मी अहवालात लिहिलं, ‘जोड माझ्या खुणेच्या गोंधळामुळे. काम उत्कृष्ट. तुळई क्रमांक बारा, पास.’ आणि खाली सही केली. पहिली सही जरा वाकडी आली, पण ती माझी होती.

अध्यक्षांनी खिशातली परवानगी काढली, घडी उलगडली, पुन्हा घातली. “बरं. राहू देत झाडं,” ते म्हणाले आणि निघाले.

सगळे गेले. मी यंत्र पेटीत ठेवत होते. सोमवारपासून दुसऱ्या गावात काम होतं, कुठल्या तरी जुन्या गोदामाचं. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

“किती दिवस?” त्यानं विचारलं.

“तीन महिने.”

तो कानावरची पेन्सिल काढून म्हणाला, “हात.”

“कशाला?”

“द्या तर.”

मी हात दिला. त्यानं मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं नाडी लागते तिथं, हलक्या हातानं एक छोटीशी गोल शेपटी काढली. नाडी अगदी मूर्खासारखी उडत होती. त्याला ती पेन्सिलीखाली कळत असणार.

“सगळी मापं इथून,” तो म्हणाला. गंभीर चेहऱ्यानंच. “तीन महिने… तीस महिने. बाजू बदलणार नाही.”

“ही… पहिली की दुसरी?”

“पहिली.”

“आणि दुसरी?”

“दुसरी कशाला?”

फार ओलावा बरा नाही, असं मी दहा-बारा अहवालांत लिहिलंय. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. खिशातून लाल खडू काढला, त्याचा तळहात उघडला आणि मधोमध एक ठळक फुली मारली.

तो फुलीकडे बघत राहिला. “मॅडम, हे… कुणाच्या पद्धतीनं?”

“माझ्या,” मी म्हणाले. “आणि मॅडम नको म्हणूस.”