राखीव प्रत

हीटर जरा माझ्याकडे सरकवा रे पोरांनो. उद्या मेंढ्या तुम्ही कातरणार, पण गुडघे माझे दुखतात. आणि टायसन, दाराजवळ बसलायस तर ते लावून घे. कडी घाल. हसतोस काय? गोष्ट संपल्यावर हस.

आपल्या फिरत्या वाचनालयाची व्हॅन चालवते ना, ती ग्लेनिस नॉस्के. तिच्या कुंपणाला लागूनच माझं कुंपण. दोन वर्षांपूर्वी, जुलैच्या दुसऱ्या गुरुवारी, पिन्नारूच्या उत्तरेकडच्या शेतांवर पुस्तकं पोचवून ती घरी निघाली होती. सहाला दहा कमी होते. जुलैत, ऐन हिवाळ्यात, त्या वेळी आपल्याकडे डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. त्यात अमावस्या जवळ आलेली.

घरी तिची आई एल्फ्रीडा, एक्याण्णव वर्षांची. डोळे गेलेले, अंथरूण धरलेलं, जीभ मात्र शाबूत. रोज रात्री ग्लेनिस तिला थिर्झा पेनहॉलची कादंबरी वाचून दाखवायची. मायलेकी त्या लेखिकेवर जीव टाकायच्या. तीन भागांतले दोन आले होते. तिसरा येणार येणार म्हणता अकरा वर्षं गेली. फेब्रुवारीत डॉक्टरांनी म्हातारीला महिनाभराची मुदत दिली, तर ही म्हणाली, "शेवट ऐकल्याशिवाय मी हलत नाही." आणि खरंच हलली नाही. ग्लेनिस चारचौघांत तिसऱ्या भागासाठी हळहळायची. पण मनातून तिला वाटायचं, तो कधीच येऊ नये. हे तिनं स्वतः माझ्यापाशी कबूल केलंय.

तर वळणावर दिव्यांच्या उजेडात एक बाई उभी दिसली. पांढरी वेणी, डोक्यावर पुरुषी हॅट. थंडीत माणसाला रस्त्यावर सोडून जायची आपल्याकडे रीत नाही. ग्लेनिसनं शेजारच्या सीटवरची पुस्तकांची पेटी मागे टाकली आणि दार उघडलं. बाई आत बसली. पुस्तकांच्या पाठीवर शेकडो वेळा पाहिलेला चेहरा!

"तुम्ही... थिर्झा पेनहॉल ना?"

"उरलीय तेवढी."

"अगं बाई! इकडे कशा? गाडी कुठाय तुमची?"

"मागे राहिली. मी याच मातीतली गं, घरीच निघालेय."

ग्लेनिसला काय बोलू नि काय नको असं झालं. आनंदाच्या भरात ती म्हणाली, "माझं घर पुढंच आहे. कधीही या हं चहाला. मागचं दार उघडंच असतं!"

आपण सगळेच म्हणतो की हे. म्हणतो, आणि येत कोणी नाही.

"येईन," बाई म्हणाली.

"आणि तिसरा भाग? लिहिताय ना?"

"झाला. आज दुपारीच संपला."

"मग छापणार कधी?"

"छापायचा नाही तो."

ग्लेनिसला हायसं वाटलं, आणि त्याच दमात लाजही वाटली. तेवढ्यात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. त्या सीटवर नुसती पुस्तकांची पेटी ठेवली तरी पट्टा लावा म्हणून व्हॅन पीं पीं करत डोकं उठवायची. बाईनं पट्टा लावला नव्हता. आणि व्हॅन गप्प होती.

ग्लेनिसनं मान वळवली नाही. समोर बघत राहिली.

"शेवट ऐकल्याशिवाय हलत नाही म्हणते ना ती?" बाईनं विचारलं.

"कोण?"

"तुझी आई."

ग्लेनिस आईबद्दल एक शब्दही बोलली नव्हती...

"नाही हो," ती कशीबशी म्हणाली. "तिला... तिला आता ऐकूच येत नाही."



ग्लेनिसच्या शेताचं फाटक आलं. आपला नियम तुम्हाला ठाऊक आहे. शेजारी बसेल त्यानं उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी आत गेली की लावायचं आणि परत बसायचं. मग तो पंतप्रधान का असेना. ग्लेनिस मनात म्हणत होती, थांबायचं नाही. सरळ क्लेमकडे जायचं, म्हणजे माझ्याकडे. पण पाय सवयीनं ब्रेकवर गेला. बाई उतरली. फाटक उघडलं. ग्लेनिसनं सवयीनं गाडी आत घेतली. आणि सवयीनंच... थांबली.

मागे साखळी वाजली. फाटक लागलं.

ती थांबली.

कोणी आलं नाही.

आरशात फाटक. मागच्या दिव्यांचा लाल उजेड. बाकी काही नाही.

मग समोर, माळाच्या त्या टोकाला, घरातला दिवा लागला. आईच्या खोलीतला. सहा वर्षांत त्या खोलीत आईनं दिवा लावला नव्हता. आंधळ्या माणसाला दिवा कशाला?

व्हॅन दारात तशीच चालू ठेवून ग्लेनिस धावली. मागचं दार सताड उघडं. खोलीत आई उशीला टेकून बसलेली. एकटी. चेहरा लख्ख.

"आत्ताच गेली बघ," आई म्हणाली. "किती छान वाचते गं! तुझ्यासारखी पानं गिळत नाही."

"आई... काय ऐकलंस तू?"

"शेवट."

ग्लेनिस खाटेशी बसली. आईचा हात घट्ट धरला. "जाऊ नकोस ना गं."

"वेडी कुठली." आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "तुला मात्र सांगायचा नाही हं. म्हणाली, तुझी प्रत वेगळी राखून ठेवलीय."

साडेआठला म्हातारी गेली.

फोन आला तसे मी आणि बायको पोचलो. थिर्झा पेनहॉलचं नाव ग्लेनिसच्या तोंडून ऐकलं आणि मी बायकोकडे बघितलं. सहाच्या बातम्या मी ऐकल्या होत्या. ती बाई त्याच दुपारी चारला ॲडलेडच्या एका इस्पितळात वारली होती.

सकाळी आम्ही दोघं व्हॅन बंद करायला गेलो. रात्रभर चालून डिझेल संपलं होतं. शेजारच्या सीटवर वाचनालयाची चिठ्ठी पडली होती. पुस्तक राखून ठेवलं की त्यात खोचतात ना, तसली. माझ्याआधी ग्लेनिसनं ती उचलली. लेखिका, थिर्झा पेनहॉल. पुस्तकाचं नाव कोरं. वाचक, ग्लेनिस नॉस्के. खाली, पुस्तक कधी मिळेल त्याची तारीख असते.

तारीख होती, टायसन. पण ग्लेनिसनं त्यावर अंगठा ठेवला होता... आणि तो तिनं काढला नाही.