वगळायच्या पानांची यादी

आमची कंपनी दप्तरांतले कागद शोधून देणारी यंत्रणा बनवते. "हा शब्द हवा, पण तो नको" असं विचारलं की ती रखडायची. आधी सगळी पानं गोळा करायची, मग नको ती बाजूला टाकायची. मी उलटं केलं. नको असलेल्या पानांची यादी आधीच तयार ठेवली, म्हणजे ती पानं न उघडताच पुढे जाता येतं. ऑफिसात मला "नकोवाले" म्हणतात ते यामुळे. एकच अट. जे टाळायचं ते कुठे कुठे आहे, हे पक्कं माहीत हवं.

चाचणीसाठी मी घरचे मेल घातले. नको असलेला शब्द म्हणून बायकोचं नाव दिलं. तिला जाऊन पाच महिने झाले होते. वसतिगृहातून आलेले लेकीचे मेल मला वाचायचे होते, मध्ये ते नाव न लागता. आता मला लेकच काय ती उरली आहे.

मेहुणी बहिणीचे कपडे न्यायला आली होती. तिने पडद्यावर पाहिलं.

"शेवटच्या दिवशीसुद्धा ऑफिसात होतात, भाऊजी. आता तिचं नावही आड येतं का?"

मी म्हणालो, काम आहे.

यादीत चारशे बारा पानं होती. दुसऱ्या दिवशी चारशे एकोणीस झाली. कुठेतरी चुकलंय म्हणून वाढलेली सात उघडली. सातही लेकीचे जुने मेल. प्रत्येकाच्या तळाशी, लेकीच्या नावाच्या जागी, बायकोचं नाव.

लेकीला फोन करून विचारलं. ती चिडली. "बाबा, काहीतरी काय बोलतोस? मला आईचं नाव अजून लिहवत नाही."

मी यादी पुसली. सकाळी ती परत होती, आणखी लांब.

लेकीच्या नावाने शोधलं की साठ पानं यायची. मग एकतीस आली. मग चार. मी नको असलेला शब्दच काढून टाकला. तरी चारच.

आज जेवणाच्या सुट्टीत शून्य आलं.

डबा तसाच ठेवून फोन लावला. बराच वेळ वाजला. आवाज लेकीचाच होता. विचारलं, बरी आहेस ना?

लेक मला बाबा म्हणते, तू म्हणते. बोलायला लागल्यापासून.

"अहो," ती म्हणाली, "आता वगळून दाखवा."