सतरा नंबरची खूण

म्या बलभीम, विद्यापीठाच्या कॅम्पसवरचा माळी. पन्नाशी उलटली तरी खोड जात न्हाय. सायबाच्या खुर्चीखाली तेरखेड्याचे आपटबार फटाके ठेवणारा म्याच. अजून कुणाला कळलं न्हाय.

उन्हाळ्यात उमरग्याच्या राजनंदिनी मॅडम आल्या. आपला कॅम्पस हवेत किती गॅस सोडतो ते मोजायचं त्यांचं काम. बस झाल्या, जनरेटर झालं, मेसच्या गॅसटाक्या झाल्या. मग म्हणल्या, "मामा, मातीसुद्धा श्वास सोडते. तीपण मोजायची."

म्या वीस ठिकाणी नंबर घालून खुंट्या ठोकल्या. पत्र्याचा डबा जमिनीवर उपडा घालायचा, कडा चिखलानं लिंपायच्या, वरच्या मीटरवर गॅसचा आकडा बघायचा. निस्ती माती आसली की मिनिटाला दहा-पंधरानं वाढायचा.

मला कुठं गप बसवतंय? पाच नंबरला डब्याखाली उंदीर सोडला. मॅडमनी आकडा बघितला आन वहीतनं मान वर न करता म्हणल्या, "मामा, उंदीर काढा." म्या गारच! नऊ नंबरला कोंबडीचं पिल्लू घातलं, तर अर्ध्या मिनिटात म्हणल्या, "गुदमरेल हो पिल्लू!" झाकलेला जीव निस्त्या आकड्यावर वळखायच्या. आपण तर तिथंच हात जोडले.

गुरुवारी मात्र त्यांचं तोंड उतरलेलं. "उद्या रिपोर्ट द्यायचाय. आकडे परत वेडेवाकडे दिसले तर माझे गाईड सर हे कामच बंद करणारेत. आज खोडी नको, मामा."

"आई भवानीची आण."

आन खरंच त्या दिवशी खिसं रिकामं होतं.

दुपारचे बारा. सतरा नंबर बाभळीखाली, उघड्या माळावर. वारा पडलेला. मॅडमनी डबा घातला. आकडा नेहमीच्या चारशेवरनं धाडकन बाराशेवर गेला. थांबला. मग दोन हजार. परत थांबला.

"मामा!"

"म्या काय बी केलं न्हाय, मॅडम."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. डबा उचलला. खाली निस्ता मुरूम. खुरपं घेऊन हातभर उकरलं. मुंगीबी न्हाय. माती लोटली, डबा परत घातला, चिखल या टायमाला स्वतःच्या हातानं लिंपला.

आकडा चढायचा, थांबायचा. चढायचा, थांबायचा.

मॅडम मनगटावरच्या घड्याळाकडं बघत मोजत होत्या. "मिनिटाला बारा श्वास," त्या म्हणल्या. "माणूस आहे. झोपलेला."

म्या डब्यापासनं मागं सरलो.

"सोडा की ही जागा. सोळाचा आकडा टाका सतराला, कोण बघायलंय? उद्या रिपोर्ट हाय तुमचा."

"जे दिसलं ते लिहायचं, मामा."

आन वहीत लिहिलं, अक्षर एकदम सरळ. अशी छाती म्या पैलवानाचीबी बघितली न्हाय.

त्यांना जरा हसवावं म्हणून म्या बोटाच्या पेरानं डब्यावर टकटक केलं. "उठा की पाव्हणं, ऊन लई चढलंय!"

आकडा थांबला.

दहा सेकंद. वीस. चाळीस.

"गेलं वाटतं," म्या हळूच म्हणलं.

मॅडमनी ओठावर बोट ठेवलं. "नाही. ऐकतंय."

आन तेबी वहीत लिहिलं.

बाभळीखाली आमी तिघंबी श्वास धरून व्हतो.