दोऱ्या धरणारे

चिखलीच्या वखारीतून प्लायवुड आणायचं, एवढंच योगिनीनं शेजारच्या चांदभाईंना सांगितलं होतं. ते टेम्पोच्या हौद्यावर सपाट ठोकायला लावलं, तेव्हा त्यांनी विचारलं, यावर वरातीचा बँड नाचवणार की काय? ती म्हणाली, विमान उतरवणार. तुमचा टेम्पो म्हणजे जहाज.

उद्या कॉलेजात तिला हेच करून दाखवायचं होतं. आधीची विमानं फुटली होती. हे शेवटचं, थर्माकोलचं. हेही मोडलं तर सगळी मेहनत मातीत.

चाकणकडच्या एका नव्या, सामसूम रस्त्यावर टेम्पो वाऱ्याच्या तोंडाला लागला. दिवस कलला होता. योगिनी गोष्ट सांगत होती. पहिल्या महायुद्धात एक तरुण वैमानिक चालत्या जहाजावर उतरला. विमान थांबवायला यंत्र नव्हतं, पंखाखाली नुसत्या दोऱ्या. सोबत्यांनी धावत जाऊन त्या धरल्या आणि विमान हातांनी खाली ओढलं. पुढे एका खेपेला विमान नीट येईना, तेव्हा त्यानंच हात हलवून त्यांना लांब राहायला सांगितलं. पुन्हा वळून येतो म्हणाला. इंजिन बंद पडलं आणि विमान कडेवरून समुद्रात गेलं. सोबती बघतच राहिले.

"आणि तुझ्या दोऱ्या कोण धरणार, बेटा?"

"त्या शोभेच्या आहेत, चाचा."

तिनं खिडकीतून विमान सोडलं आणि रिमोट हातात घेऊन मागच्या काचेतून पाहू लागली. विमान वळून आलं. फार उंच आलं. आता टपावरून निघून जाणार, इतक्यात त्या वीतभर दोऱ्या खाली ताणल्या गेल्या, दोन्ही बाजूंनी एकदम. विमान जरा डुललं आणि अलगद फळ्यांवर बसलं. फळ्यांवर बुटांची धावपळ वाजली.

चांदभाईंनी आनंदानं हॉर्न दाबून धरला. टेम्पो थांबताच योगिनी टाळ्या पिटत खाली उतरली. आणखी एकदा, म्हणाली. एकदा तर कुणालाही जमतं.

पण विमान उचलता येईना. सायकलच्या घंटीइतकं हलकं विमान… जागचं हलेना. दोऱ्या ताठ, आडव्या, आणि टोकांना कुणी नाही. घाट उतरल्याशिवाय न मिळणारा खारा वास सगळीकडे पसरला होता.

"बेटा…" चांदभाई हळूच म्हणाले, "गाडीचे स्प्रिंगचे पाटे दबलेत. मागं माणसं आहेत."

तेव्हा तिला दिसलं, उजव्या पंखाचा सांधा उकलला होता. वर गेलं असतं तर परत आलं नसतं.

"बरं…" ती पुटपुटली. "नाही उडवत."

दोऱ्या सैल पडल्या.

येताना रिकामा टेम्पो उडवणारे चांदभाई परतताना प्रत्येक गतिरोधकावर गाडी सावकाश घेत होते. मागचे पडतील म्हणाले. योगिनीला हसू आलं आणि अंगावर काटाही.

रात्री सांधा चिकटवला. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मैदानात, त्याच टेम्पोवर, विमान पहिल्याच फेरीत उतरलं. सर खूश झाले. फक्त दोऱ्या ओल्या कशा, एवढं त्यांनी विचारलं.

त्या टेम्पोचे पाटे अजून वर आलेले नाहीत. चांदभाईंची तक्रार नाही. माल चढवायला, म्हणतात, हल्ली हमाल लागत नाही.